मुलांकडे परदेशी राहायला जाताना: औषधपाणी आणि विम्याची तयारी

आमच्या सांगलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणाचं मुलाकडे जायचं ठरलं की मला विचारणा होते, "वहिनी, कोणती पॉलिसी घेऊ?" निवृत्त होईपर्यंत मी एका सरकारी विमा कंपनीच्या मेडिक्लेम विभागात होते. आता आम्ही दोघं ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला मुलीकडे राहतो आणि हिवाळ्यात सांगलीला येतो. त्यामुळे दोन्हीकडचे कागद माझ्या नजरेखालून जात असतात. या प्रश्नावर मी आधी उलट विचारते, "कोणत्या व्हिसावर चाललात?"

कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ धरा. ते अमेरिकेला टुरिस्ट व्हिसावर गेले, तर त्यांना फक्त व्हिजिटर इन्शुरन्स मिळतो आणि त्यात जुने आजार जवळजवळ बाहेरच असतात. ग्रीन कार्डावर गेले, तर जुन्या आजारांसकट पॉलिसी मिळते. कॅनडाला सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, जायचं तर आधी विमा काढून तो दाखवावा लागतो, मगच व्हिसा. आणि जर्मनीला गेले तर तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात ५५ वर्षांनंतर नव्याने शिरणं जवळपास अशक्य. म्हणून एजंटाला फोन करण्याआधी मुलांबरोबर बसून नक्की करा: फिरायला चाललोय, दोन-तीन वर्षं राहायला, की कायमचं?

आणखी एक समजूत सुरुवातीलाच काढून टाकते. आपल्याकडे मुलाच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील सर्रास असतात. त्यामुळे "तिकडे त्याच्या ऑफिसच्या विम्यात आम्हाला घालतील की" असं बरेच जण धरून चालतात. अमेरिकेत ऑफिसच्या विम्यात नवरा-बायको आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं येतात. आई-वडील जवळपास कुठेच येत नाहीत. मुलगा कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी तुमचा विमा तुम्हाला वेगळाच काढायचा आहे.

अमेरिका, टुरिस्ट व्हिसावर

व्हिजिटर इन्शुरन्स दोन जातींचा असतो. एकात खोलीचे दिवसाला इतके, ऑपरेशनचे इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके असे आकडे ठरलेले असतात. त्याला फिक्स्ड बेनिफिट म्हणतात. हप्ता कमी, म्हणून मुलं पटकन हाच घेतात. पण अमेरिकन हॉस्पिटलचं बिल त्या आकड्यांच्या कितीतरी पुढे जातं आणि वरचा सगळा भार घरच्यांवर येतो. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह. त्यात डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम तुम्ही भरायची, त्यापुढे पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत मोठा वाटा कंपनी उचलते. घ्यायचा तर हाच घ्या. हप्ता जड वाटला तर डिडक्टिबल थोडं वाढवून घ्या, पण जात बदलू नका. डिडक्टिबल सगळ्या मुदतीत मिळून एकदाच आहे की प्रत्येक आजाराला वेगळं, हेही विचारा.

आता जुन्या आजारांचं कलम. माझ्या मते सगळ्या पॉलिसीत सर्वांत जास्त वेळ याच पानाला द्यावा. जाहिरातीत "ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स" कव्हर आहे असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, शुगर-बीपी आलं यात. तसं नसतं. व्याख्या उघडून वाचली की दिसतं: त्रास अचानक, आधी काहीही लक्षण नसताना उद्भवलेला हवा, आणि बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत उपचार सुरू झालेले हवेत. पूर्वी बायपास झालेल्या माणसाच्या छातीत रात्री एकाएकी कळ आली आणि तासाभरात दवाखाना गाठला, तर क्लेमला आधार आहे. पण शुगर असलेल्याच्या पायाची जखम आठ दिवस चिघळत गेली आणि मग ॲडमिट व्हावं लागलं, तर ते या कलमात बसत नाही. याच कलमात पुढे वयाची अट असते, बऱ्याचदा ७० किंवा ८० वर्षांची, आणि रक्कमही मूळ विम्यापेक्षा खूप कमी असू शकते. हे तिन्ही आकडे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. नेहमीची तपासणी, चालू गोळ्या, दात आणि चष्मा यातलं काही या पॉलिसीत येत नाही.

मुदतीबद्दलही नीट ऐका. "आधी तीन महिन्यांची घेऊ, पुढचं पुढे बघू" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे दुखणं निघालं, ते नवीन पॉलिसीच्या दृष्टीने जुना आजार होतं. राहणार तितक्या दिवसांची एकच पॉलिसी घ्या, किंवा खंड न पडता वाढवता येईल अशी घ्या. इथल्या कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी घ्यायची असेल तर ती विमानात बसण्यापूर्वीच घ्यावी लागते. अमेरिकन कंपनीची तिकडे पोचल्यावरही मिळते, पण मधले दिवस उघडे राहतात.

अमेरिका, ग्रीन कार्डावर

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. पण ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे दुसऱ्या दिवशी मेडिकेअर मिळालं असं नाही. तिथे सलग ५ वर्षं राहणं झाल्यावर ते घेता येतं. आणि ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या नवऱ्याने-बायकोने तिथे साधारण १० वर्षं नोकरी करून कर भरलेला नाही, त्यांना हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, फुकट मिळत नाही. मुलीने आयुष्यभर कर भरला असला तरी तो आपल्या नावावर धरत नाहीत. २०२६ साली पार्ट ए चा पूर्ण हप्ता महिन्याला ५६५ डॉलर आहे आणि डॉक्टर-तपासण्यांच्या पार्ट बी चा २०२.९० डॉलर, दोन्ही माणशी. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून घरच्या हिशेबात थोडी वाढ धरूनच ठेवा.

पाच वर्षं पुरी होतात त्या महिन्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, असा सात महिन्यांचा काळ नाव घालायला असतो. तो चुकवला तर पार्ट बी ला दर पूर्ण वर्षाच्या उशिरामागे १० टक्के दंड लागतो आणि तो पुढे कायम भरावा लागतो. ग्रीन कार्डावरची तारीख पाहून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आठवण लावून ठेवा. अट सलग राहण्याची आहे हे विसरू नका. सहा महिन्यांच्या वर भारतात राहिलात तर विमानतळावर प्रश्न होतात, आणि परवानगीचा कागद न घेता वर्षाच्या वर राहिलात तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. आम्ही हिवाळ्याची फेरी आखतो ती हे धरूनच.

मग ही पहिली पाच वर्षं कशी काढायची? त्यासाठी मार्केटप्लेस, म्हणजे आरोग्य विमा घ्यायची सरकारी खिडकी आहे, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. प्रत्येक राज्याची खिडकी वेगळी असू शकते. आमच्या न्यू जर्सीची 'गेट कव्हर्ड एनजे' नावाने आहे. इथे जुन्या आजारावरून नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा हप्ताही लावता येत नाही. शुगर, बीपी, स्टेंट, काहीही असो. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांच्या आत अर्ज केला तर वर्षाच्या मध्येही पॉलिसी मिळते. ते दिवस गेले तर १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. जेट लॅग उतरला की पहिलं काम हेच करा.

हप्त्याचं मात्र आता कठीण झालंय. पूर्वी उत्पन्न अगदी कमी असलेल्या नव्या ग्रीन कार्डधारकांनाही हप्त्यात सरकारी सवलत मिळायची. २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून गरिबीरेषेखालच्यांची ती सवलत गेली. दोन माणसांच्या घरासाठी ही रेषा २०२६ च्या हिशेबात २१,१५० डॉलर धरली आहे. म्हणून दोन गोष्टी मुलांच्या कर सल्लागाराला आधीच विचारा. एक, आई-वडिलांना मुलाच्या टॅक्समध्ये अवलंबून दाखवायचं का? दाखवलं तर सवलतीसाठी मुलाच्या घरचं उत्पन्न धरतात, आणि मग सवलत बहुधा मिळत नाही. दोन, भारतातलं पेन्शन आणि ठेवींचं व्याज. ग्रीन कार्डावर आल्यानंतर ते अमेरिकेच्या करात दाखवावंच लागतं, आणि तेच तुम्हाला रेषेच्या वर नेऊ शकतं. गरिबांसाठीची मेडिकेड योजनाही बहुतेक राज्यांत पहिली पाच वर्षं बंद आहे. काही राज्यांनी स्वतःच्या पैशांतून थोडी वाट ठेवली आहे, तेव्हा आपल्या राज्याचं बघून घ्या.

कॅनडा: सुपर व्हिसा

माझी नणंद आणि तिचे यजमान ब्रॅम्प्टनला मुलाकडे सुपर व्हिसावर राहतात. सलग राहायचं असेल आणि कायमचं स्थलांतर करायचं नसेल, तर मला ही सगळ्यांत सुटसुटीत व्यवस्था वाटते. जुलै २०२२ पासून एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा १० वर्षांपर्यंतचा असू शकतो. अट अशी की किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एका वर्षाचा वैद्यकीय विमा हवा, आणि त्यात उपचार, हॉस्पिटल आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च असला पाहिजे. नुसतं कोटेशन चालत नाही. पैसे भरलेले किंवा ठेव भरून हप्ते बांधलेले दिसावे लागतात. आधी फक्त कॅनडातल्याच कंपनीचा विमा चालायचा. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाने मान्य केलेली हवी. हे न पाहता ओळखीच्या एजंटाकडून पॉलिसी घेऊ नका.

इथे कळीचा शब्द आहे 'स्टेबल'. कॅनडातल्या पॉलिसींत जुने आजार पैसे भरून घालता येतात, पण ते आधीचे ९० किंवा १८० दिवस स्थिर असले पाहिजेत. आणि स्थिर म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. त्या काळात नवी गोळी सुरू झाली नाही, चालू गोळीचा डोस बदलला नाही, नवी तपासणी सुचवली गेली नाही. डोस कमी केला तरी तो बदलच धरतात! आपल्याकडे काय होतं, जायच्या आठ-पंधरा दिवस आधी आपण डॉक्टरांकडे "एकदा सगळं बघून द्या" म्हणून जातो. ते प्रेमाने बीपीची गोळी चाळीसची ऐंशी करतात, आणि तेवढ्याने पुढच्या सहा महिन्यांचं बीपी-हृदयाचं कव्हर जाऊ शकतं. म्हणून मोठी तपासणी निघायच्या सात-आठ महिने आधी करा, डोस बसवून घ्या आणि मग हात लावू नका. तब्येतीसाठी बदल खरंच गरजेचा असेल तर तो जरूर करा, पण विमा कंपनीला कळवा आणि जायची तारीख पुढे ढकलता येते का बघा.

लवकर परत यायचं ठरलं आणि एकही क्लेम घेतला नसेल, तर बऱ्याच कंपन्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देतात. ही अट पॉलिसीत आहे का, ते घेतानाच विचारून ठेवा.

बाकीच्या देशांबद्दल थोडक्यात

इंग्लंडमध्ये आई-वडिलांना कायमचं नेणं फारच अवघड आहे, त्यामुळे बहुतेक जण सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जातात. ए अँड ई, म्हणजे तातडीच्या विभागातले उपचार सगळ्यांना फुकट. पण तिथून वॉर्डात ॲडमिट केलं की परदेशी पाहुण्याला एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंड किंवा त्यावरचं बिल दोन महिने थकलं तर पुढच्या व्हिसाला ते आडवं येऊ शकतं.

ऑस्ट्रेलियाचा काही देशांशी परस्पर आरोग्य करार आहे, पण त्यांत भारत नाही. मुलांनी स्पॉन्सर केलेल्या तात्पुरत्या पालक व्हिसावर, म्हणजे सबक्लास ८७० वर, ३ किंवा ५ वर्षं राहता येतं. तेवढा काळ खासगी विमा चालू ठेवणं ही त्या व्हिसाची अटच आहे.

जर्मनी आणि बाकी शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, छोट्या मुक्कामाच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर तिथे कामाला आलेल्या कुशल लोकांना आई-वडिलांना राहायला आणण्याची सोय केली, पण विम्याचा पुरावा मागतात. मुलाच्या सरकारी विम्यात आई-वडील बसत नाहीत, आणि या वयात खासगी कंपन्या घेतीलच असं नाही. तिथे जाणाऱ्यांनी विम्याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत घर आवरायला घेऊ नये.

इथली पॉलिसी बंद करू नका

हे मी सगळ्यांना हात धरून सांगते. "आता तिकडेच राहणार, मग इथला हप्ता कशाला?" म्हणून वीस-वीस वर्षांच्या पॉलिसी सोडून देणारे लोक मी नोकरीत असताना पाहिले, आणि दोन वर्षांनी परत येऊन नव्याने अर्ज भरतानाही पाहिले. बायपास, गुडघे, मोतीबिंदू अशा कामांसाठी लोक परत येतातच. तिकडच्या विम्यात ते बसत नाही, किंवा डिडक्टिबलच इथल्या ऑपरेशनच्या खर्चाइतकं असतं.

जुन्या पॉलिसीची किंमत तिच्या वयात आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे ते विम्यात धरले जाईपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त ३ वर्षांची असते, आणि सलग ५ वर्षं हप्ते भरले की "आजार लपवला होता" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी वगळून. पॉलिसी तुटली की हे सगळं शून्यापासून. नव्या पॉलिसीसाठी वयाची वरची अट आता राहिली नाही हे खरं, पण सत्तरीत तपासण्या, वाढीव हप्ता आणि नवी प्रतीक्षा चुकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, तेवढा तरी हप्ता हलका झाला.

बाहेर असताना पॉलिसी तुटते ती बहुधा क्षुल्लक कारणाने. कायमचं बाहेर गेल्यावर बँकेचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करावं लागतं, आणि ते करताना जुन्या खात्यावरचा हप्त्याचा ऑटो-डेबिट बंद पडतो. किंवा ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम रिचार्ज न केल्याने बंद होतं. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, पण त्या दिवसांतल्या आजाराचा क्लेम मिळेल असं धरून चालू नका. इथलं सिम रोमिंग चालू करून चालतं ठेवा, हप्ता तारखेच्या महिनाभर आधी भरा, आणि परदेशी राहायला गेल्याचं कंपनीला लेखी कळवा. नवरा-बायको दोघांनाही लॉगिन कसं करायचं ते यायला हवं. आमच्या पिढीत हे ज्ञान एकाच डोक्यात असतं.

फाइल आणि औषधं

जाड फाइल कुणी वाचत नाही. तिकडच्या डॉक्टरला एका पानाचा इंग्रजी गोषवारा लागतो. पासपोर्टवर आहे तसं नाव आणि जन्मतारीख, कशाची ॲलर्जी, कोणता आजार कोणत्या सालापासून, ऑपरेशनं आणि त्यांची सालं, चालू औषधं. त्याला शेवटचा ईसीजी, टू-डी इकोचा रिपोर्ट, सहा महिन्यांतलं रक्त आणि स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जोडा. आपल्या डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. घरातल्या एकाच्या फोनमध्ये फोटो, आणि कागद हँडबॅगेत.

औषधं लिहिताना दुकानातलं नाव नको, मूळ औषधाचं नाव आणि ताकद लिहा. क्रोसिन तिकडे कुणाला कळत नाही. आणि आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते अमेरिकेत ॲसिटामिनोफेन आहे. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं घातलेली असतात, ती वेगवेगळी लिहून काढा, कारण तिथे ती बऱ्याचदा सुटीच मिळतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इथे रोज खाल्ल्या जाणाऱ्या काही गोळ्या तिथे मिळतच नाहीत. शुगरच्या व्हिल्डाग्लिप्टिन आणि टेनेलिग्लिप्टिन अमेरिकेत मान्य नाहीत. ग्लिक्लाझाईड अमेरिकेत विकत नाहीत, कॅनडा-इंग्लंडमध्ये मिळते. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोलबरोबर असलेलं डोमपेरिडोन, सांधेदुखीची एटोरिकॉक्सिब, तापाला सर्रास घेतली जाणारी निमेसुलाइड, ही सगळी अमेरिकेत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन इथे ७५ ची, तिथे ८१ ची. त्याने घाबरू नका. राहायला जाणार असाल तर आपल्या डॉक्टरांना यादी दाखवून सरळ विचारा, "तिथे मिळणाऱ्या औषधावर मला आत्ताच आणता येईल का?" नव्या गोळीशी जुळवून घेण्याचे महिने इथे, आपल्या डॉक्टरांसमोर गेलेले बरे. कॅनडाला जाणाऱ्यांनी हे करताना वर लिहिलेला स्थिरतेचा काळ मोजायला विसरू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचं दोनदा वाचा. आमच्या यांना रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. भारतातली साधी बाटली १ मिलीत ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची, तिच्यावर खुणाही चाळीसच्या हिशेबाने. अमेरिकेत बाटली १०० युनिटची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. तिकडची बाटली आणि इकडून नेलेली लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी झाली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलं की अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! शुगर कोसळून माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. म्हणून सांगलीहून नेलेल्या बाटल्या संपल्या, त्या दिवशी मी उरलेल्या लाल टोपणाच्या सिरिंज एकही न ठेवता काढून टाकल्या. त्या दोन्ही घरात एकत्र असूच नयेत. शिवाय आपण ज्याला ३०/७० म्हणतो तेच मिश्रण अमेरिकेत ७०/३० नावाने मिळतं. औषध तेच आहे. आकडे उलटे दिसले म्हणून दुसरं काही समजू नका, पण पहिल्या वेळी फार्मसिस्टकडून खात्री करून घ्या. इन्सुलिनचं पेन वापरणाऱ्यांना ही सिरिंजची भानगड नाही, आणि परदेशी जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आधीच पेनवर जावं असं माझं स्पष्ट मत आहे. विमानात इन्सुलिन हँडबॅगेतच. सामानाच्या पेटीत ते गोठू शकतं.

शुगरचा आकडाही देशागणिक बदलतो. अमेरिकेत आपल्यासारखाच १४०, १८० असा येतो. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात ७.८, १० असा दिसेल. त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो.

अमेरिकेला नेताना जास्तीत जास्त ९० दिवस पुरतील इतकीच औषधं न्या. मूळ पाकिटात, बिलासह आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. डब्यात सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. मागाहून कुरिअरने मागवायच्या भरवशावर राहू नका, पार्सल कस्टममध्ये अडकतं. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी आणि तिथे उतरणाऱ्यांनी ट्रामाडॉल, कोडीन असली औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय जवळ ठेवू नयेत. दात, चष्मा, कानाचं यंत्र आणि पिकलेला मोतीबिंदू ही कामं इथेच उरकून जा.

तिकडे पोचल्यावर

अमेरिकेत ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यासाठी अर्जंट केअर असतं, ते इमर्जन्सीपेक्षा खूप स्वस्त. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं यासाठी मात्र ९११ हा तातडीचा नंबर फिरवा. तिथे खर्चाचा विचार करू नका. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभाग पैसे किंवा विमा नाही म्हणून तुम्हाला परत पाठवू शकत नाही. आधी तब्येत स्थिर करावी लागते. बिल नंतर येतंच, पण त्याच्याशी बोलता येतं. पहिल्याच कागदावर पैसे भरू नका. विमा कंपनीकडून हिशेबाचा कागद येऊ द्या, हॉस्पिटलकडून बाबवार बिल मागा. विना-नफा हॉस्पिटलांना कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत तिचा अर्ज करता येतो. आपल्या लोकांना हा अर्ज करायची लाज वाटते. वाटू देऊ नका, ती सोय कायद्याने दिलेली आहे.

इंग्रजी बोलता येत असलं तरी दुखणं इंग्रजीत सांगता येत नाही. "पोटात कळ मारतेय" आणि "पोट जड झालंय" यांत डॉक्टरला फरक कळायला हवा. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना, म्हणजे जवळपास सगळ्यांना, दुभाषा फुकट द्यावा लागतो. "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" एवढं म्हणा, फोनवर जोडून देतात. मुलगी शेजारी असली तरी मी मागते. बायकांचे त्रास मुलीच्या किंवा जावयाच्या तोंडून सांगण्यापेक्षा ते बरं, आणि मुलीलाही आईच्या आजाराचं ओझं शब्दाशब्दाने उचलावं लागत नाही.

शेवटचा कागद सगळे टाळतात, तोही सांगते. आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, हे लिहून ठेवणारं पत्र प्रत्येक अमेरिकन राज्यात साध्या फॉर्मवर करता येतं. हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात त्याला. दोन मुलं दोन देशांत असली तर हे फार गरजेचं. आम्ही दोघांनी ते केलं, मुलीला समोर बसवून वाचून दाखवलं, आणि सांगलीच्या मुलाला त्याची प्रत पाठवली. त्याच दिवशी विम्यातलं पार्थिव मायदेशी आणण्याचं कलमही वाचून घ्या. मर्यादा किती आणि आधी कुणाला कळवायचं, एवढं मुलांना ठाऊक असलं पाहिजे. परत भारतात येताना तिकडच्या प्रत्येक ॲडमिशनची डिस्चार्ज समरी आणि स्कॅनची सीडी मागून आणा, नंतर इथून फोन करून ती मिळवणं जिकिरीचं होतं. आणि नोव्हेंबरात बाहेर असाल तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं निघण्याआधीच बँकेशी बोलून घ्या.